माझ्या नावाने भरलेला कागद

खाजवणाऱ्या माणसाची कुणाला दया येत नाही. छातीत दुखतंय म्हटलं की घरातले धावतात, पंखा लावतात. खाजवणाऱ्या बाईला विचारतात, साबण कुठला वापरतेस.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार परळच्या एका इस्पितळात चार-चार तास मशीनवर पडून रक्त साफ करून घ्यावं लागतं. डाव्या हातात दोन जाड सुया घालतात. सुयांचं मला काही नाही. मशीन सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी अंगाला खाज सुटली, तिने मात्र मला जनावर केलं. वरून काही दिसत नाही. पुरळ नाही, गांधी नाही. कातडीच्या खाली कुणीतरी मुंग्यांचं वारूळ फोडल्यासारखी. आधी फणी वापरली, मग उलथन्याचा दांडा, मग भांडी घासायचा काथ्या. पाठ सोलून निघाली. सून म्हणाली, "आई, चादरीवर रक्ताचे डाग पडतात." पडत होतेच. ती बिचारी धूत होती, त्यामुळे मला तिला काही बोलता येईना.

खाज एकटी नव्हती. तोंडाला चव अशी, की कल्हई उडालेल्या भांड्यात रात्रभर आमटी ठेवावी आणि सकाळी चाखावी. लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत मी गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवली. सगळे आमच्या कोकणातले. एका वेळी पाट मांडून आठ जण बसत आणि उठले की दुसरे आठ. बांगडा, पेडवे, सुकट, जे स्वस्त मिळेल ते रांधलं. आता खाली कुणी मासळी तळली तरी मला खिडकी लावून घ्यावी लागते. पाणी मोजून प्यायचं, त्यात चहा धरायचा, आमटी धरायची. जीभ टाळूला चिकटते. पाय टेकवले की उचलावेसे वाटतात, उचलले की टेकवावेसे. मशीनवर शेवटच्या तासाला पोटरीत पेटका येतो तो असा, की गोळा हाताला लागतो. आणि मशीनवरून उतरलेल्या दिवशी मी माणूस नसतेच. पिळून दांडीवर टाकलेलं फडकं असते. भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात. किडनीच्या माणसाला शहाळं चालत नाही, हे सांगण्याचीही मला ताकद नसते. तोंडदेखलं हसून ठेवून घेते आणि सून पिते.

हे सगळं मी मुलाला सांगत होते. मला एकच मुलगा. कुरिअरच्या ऑफिसात आहे, दुपारपाळी मागून घेतली आहे, का तर सकाळी मला मशीनवर नेता यावं. टॅक्सीत धरून बसवायचा, इस्पितळात वजन करवायचा, माझी फाइल काखेत मारून काउंटरवर जायचा. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणत, नशीब काढलंस, असा मुलगा मिळायला पुण्य लागतं. मीही मान हलवायचे.

मी म्हणायचे, "डॉक्टरांना खाजेचं सांग रे."

दुसऱ्या खेपेला विचारलं की म्हणायचा, "सांगितलं आये. ते म्हणाले, ह्या आजारात असतंच हे."

पायांचं सांगितलं. असतंच. मळमळीचं सांगितलं. असतंच. मग मी सांगायचं कमी केलं. असतंच म्हटल्यावर काय करणार? गिरणीत कापसाची धूळ नाकात जायचीच, खानावळीत हात भाजायचेच, तसं हे. मोठे डॉक्टर फेरीला येत. बेडपाशी उभे राहून विचारत, "काय आजी, कशा आहात?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणे, "एकदम फर्स्ट क्लास, सर." डॉक्टर पुढच्या बेडकडे जात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझी समजूत अशी, की ह्यांना सगळं कळवलेलं आहे आणि त्यांच्याकडे उपाय नाही. उपाय नसलेल्या माणसापुढे तेच तेच रडणं मला आवडत नाही.

माझ्या शेजारच्या बेडवर गिरगावातले एक गृहस्थ असत. पेन्शनर, इस्त्रीचा सदरा घालून मशीनवर येणारे. त्यांची बायको गुडघ्यांनी घरात बसलेली, म्हणून ते एकटेच यायचे. ते माझ्यासारखेच खाजवायचे. आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून माकडांसारखे मोकळ्या हाताने खाजवत असू, आणि त्यावर ते विनोद करीत. म्हणायचे, "बाई, आपल्या दोघांचा ताल जमला की सिस्टरना पेटी घेऊन बसवू."

एका मंगळवारी, मुलगा बाहेर बाकावर बसलेला असताना, माझ्या लक्षात आलं की ते पेपर वाचतायत. दोन तास झाले, हात पेपरावरच.

मी म्हटलं, "काय हो, आज ताल सोडलात?"

"गेली की खाज. पूर्ण नाही, पण बारा आणे गेली."

"कुणाचा अंगारा लावलात?"

"अंगारा कसला? कॅप्सूल दिली. मशीन झाल्यावर एक."

"तुम्हाला दिली, मला का नाही दिली?"

पेपर खाली करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कागदावर काय लिहिता?"

"कुठला कागद?"

"अहो, दर महिन्याला देतात तो. काय काय त्रास आहे त्यावर खुणा करायच्या. मी खाजेपुढे 'खूप' लिहिलं, तर वरून एक डॉक्टरीणबाई मला बघायला आल्या. तुम्हाला देत नाहीत का?"

मी सिस्टरला हाक मारली. ही सिस्टर केरळची, पण मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ बोलते. म्हटलं, "माझा कागद कुठाय?"

"तुमचा मुलगा भरतो ना, आजी. बाहेर बसून भरून देतो. फाइलमध्ये आहेत सगळे."

"आण बघू."

"तुम्हाला वाचता येईल का, आजी..."

"आण गो."

तिने फाइल आणून माझ्या पोटावर उघडी करून ठेवली. डाव्या हातात सुया होत्या, म्हणून पानं तीच उलटत होती. फाइल इंग्रजीत आहे असं मी धरून चालले होते. रिपोर्ट इंग्रजीत होतेच. पण तो कागद मराठीत होता, ठळक छापलेला. मी चौथी पास आहे. मसाल्याची पुडी ज्या कागदात येते तो कागद मी वाचून मग टाकते. खाज हा शब्द मला वाचता येतो.

खाज लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे चार चौकटी: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. खूण 'अजिबात नाही'वर होती. त्याच्या वर मळमळ, अजिबात नाही. खाली पाय स्वस्थ न राहणे, अजिबात नाही. वेगवेगळ्या खुणासुद्धा केल्या नव्हत्या. वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ ओढली होती, जेवणाऱ्यांची पंगत उठल्यावर जमिनीवरून एकदाच फडकं फिरवावं तशी. आधीच्या महिन्याचा कागद तसाच. त्याच्या आधीचा तसाच. तेरा कागद होते.

खाली एक ओळ सोडली होती. 'तुम्हाला डॉक्टरांशी कशाबद्दल बोलायचे आहे?' तिथे माझ्या मुलाच्या अक्षरात, 'काही नाही.' आणि अगदी तळाला: 'हा कागद कोणी भरला?' रुग्णाने स्वतः, की नातेवाइकाने. तेराच्या तेरा कागदांवर खूण 'रुग्णाने स्वतः' इथे होती.

बाकीचं मी कदाचित पोटात घातलं असतं. पुरुषमाणूस, कंटाळा केला असेल, घाई असेल. पण 'रुग्णाने स्वतः' हे घाईत होत नाही. ते वाचून, समजून करावं लागतं.

सिस्टरने विचारलं, "आजी, बीपी का वाढलं तुमचं?"

मी म्हटलं, "मशीनला विचार."

त्या दिवशी टॅक्सीत मी बोलले नाही. मशीननंतर माझ्यात भांडणाचं बळ नसतं आणि अर्धवट भांडण मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळी तो दाढी करत होता, सून पोळ्या लाटत होती. मी जाऊन मोरीच्या दारात स्टूल टाकून बसले.

"मला खाज आहे की नाही?"

"आता हे काय सकाळी सकाळी?"

"सांग. आहे की नाही?"

"आहे ना. माहितीये मला."

"मग कागदावर 'अजिबात नाही' कुणाला आहे?"

त्याचा हात गालावरच थांबला. सुनेचं लाटणं थांबलं. तिला माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

तो म्हणाला, "कुणी दाखवला तुला?"

"म्हणजे दाखवायचा नव्हता."

"आये, तसं नाही. ऐक तरी. सुरुवातीला डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं. म्हणाले, ज्यांना फार त्रास होतो त्यांना आम्ही दुसऱ्या विभागात दाखवतो. मी बघून आलो तो विभाग. दारात कोण बसले होते माहितीये? कॅन्सरवाले. शेवटच्या स्टेजचे. तिथे गेलेल्यांचं मशीन बंद करतात, असं मला बाहेर एकाने सांगितलं."

"बाहेर एकाने."

"मग? तुझं नाव तिकडे जाऊ देऊ मी? खाजेने माणूस मरत नाही. मशीन बंद झालं की मरतो."

"आणि डॉक्टर म्हणाले, असतंच हे?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवला.

"विचारलंच नव्हतंस ना कधी?"

"विचारलं असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं."

सून मध्ये पडली, "आई, त्यांनी तुमच्यासाठीच केलं."

"तू पोळी बघ, करपतेय."

मग तो चिडला. चिडला की तो अगदी त्याच्या बापासारखा दिसतो. अर्धी दाढी फेसात, अर्धी केलेली. म्हणाला, "तू बाबांचं काय केलंस? मी कॉलेजात होतो. तूच मला बाजूला घेऊन शिकवलंस. 'बाबांनी विचारलं तर सांग, छातीत पाणी झालंय.' सगळ्या चाळीला माहीत होतं कॅन्सर आहे. एक त्यांनाच माहीत नव्हतं. तेव्हा तू काय म्हणाली होतीस? आपल्यात पेशंटला सांगत नाहीत."

हे त्याचं खरं होतं. शब्दन् शब्द खरा. यजमानांना ते जाईपर्यंत मी खोटं सांगितलं आणि बरोबर केलं असंच इतकी वर्षं समजत होते. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ते का विचारत नाहीत हे मीही विचारलं नाही. त्या मोरीच्या दारात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ते कुणाला तरी काही सांगू पाहत असतील आणि माझं तोंड बघून गिळत असतील. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही. मी म्हटलं, "मी त्यांच्यापासून आजाराचं नाव लपवलं. ते दुखतंय म्हणाले की मी इस्पितळात जाऊन भांडून इंजेक्शन द्यायला लावत होते. त्यांना दुखतच नाही असं त्यांच्या नावाने लिहून दिलं नव्हतं."

तो म्हणाला, "तू मेली असतीस तर?"

"तर खाज गेली असती."

हे बोलायला नको होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हाही दया आली नाही. पाठ जळत होती.

पुढच्या महिन्याचा कागद मी मागून घेतला. उजव्या हाताने, पाटी पोटावर ठेवून भरला. वेळ लागला, कारण प्रत्येक ओळीला मला खरंच विचार करावा लागला. मळमळ बराच की खूप? मासळीचा वास आला तर खूप, एरवी बराच. गिरगावचे गृहस्थ शेजारून म्हणाले, "बाई, परीक्षा आहे का? नक्कल देऊ?" मी म्हटलं, "तुमची तुम्ही बघा." 'डॉक्टरांशी कशाबद्दल बोलायचे आहे' तिथे लिहिलं: सगळ्याबद्दल, मुलगा नसताना.

ती डॉक्टरीणबाई त्याच आठवड्यात आली. तिच्या विभागाचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही. त्रास कमी करायचा विभाग. वयाने माझ्या सुनेएवढी. खुर्ची ओढून बसली, हे मला आवडलं. एवढ्या दिवसांत माझ्याशी बोलायला कुणी बसलं नव्हतं. तिने पाठ उघडून बघितली आणि म्हणाली, "आजी, हे केव्हापासून आहे?" मी सांगितलं. तिने मागचे कागद बघितले, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "ते मी नाही भरले."

मी सरळ विचारलं, तुमच्याकडे आलं की मशीन बंद होतं का. ती म्हणाली, नाही, मशीन चालूच राहतं. आमच्याकडे मरायला टेकलेले येतात तसे तुमच्यासारखेही येतात. तिने कॅप्सूल दिली, मशीन झाल्यावर एक. जेवणाआधी मळमळीची गोळी. पायांसाठी आणखी एक. अंगाला लावायला मलम. आणि म्हणाली, "थकवा मात्र फारसा जाणार नाही. खोटं सांगत नाही."

पंधरा दिवसांत खाज उतरली. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि ताट संपल्यावर लक्षात आलं, की मध्ये एकदाही हात पाठीकडे गेला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. एवढीशी कॅप्सूल. चण्याच्या डाळीहून थोडी मोठी. हिच्यासाठी मी वर्षभर काथ्याने कातडी सोलली, आणि सोलताना माझा मुलगा तिथेच उभा राहून बघत होता. मोठा गुन्हा करणाऱ्याला निदान मोठं काहीतरी मिळतं. ह्याला काय मिळालं?

महिन्याभराने डॉक्टरीणबाईने पुढचं विचारलं. कधी मशीन नकोसं झालं, झेपेनासं झालं, तर काय करायचं, ह्याचा विचार केलाय का. म्हणाली, आज ठरवायचं नाही, बदलताही येतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी म्हटलं, ह्या वेळी मुलाला आत बोलवा.

तो येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी सांगितलं, "आता मी मशीन घेतेय. अजून घेईन. पण मी बस म्हटलं की बस. मग मला आयसीयूत न्यायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत. घरी न्यायचं आणि त्रास होणार नाही एवढं बघायचं."

"आये, हे काय बोलतेस तू इथे..."

"गप बस. इतके महिने तू बोललास."

डॉक्टरीणबाईने ते मराठीत लिहिलं. मी वाचून घेतलं, एक शब्द बदलायला लावला आणि सही केली. तिने त्याच्यापुढे कागद धरला, साक्षीदार म्हणून. त्याने केली सही. जाताना टॅक्सीत तो खिडकीतून बाहेर बघत होता, मी माझ्या खिडकीतून.

आता तो विचारतो. सकाळी विचारतो, मशीनवर विचारतो, ऑफिसातून फोन करून विचारतो. आये, खाज आहे का? पाय कसे आहेत? मी खरं ते सांगते. ऐकताना त्याचं तोंड उतरतं. उतरू दे.

गेल्या गुरुवारी सकाळी मला उठवेना. कुठे दुखत नव्हतं, अंगात जीवच नव्हता. तो बूट घालून, टॅक्सी खाली बोलावून तयार. मी म्हटलं, "आज नाही जायचं."

"आये, पाणी साठेल. छातीत चढेल."

"ठाऊक आहे. आज नाही."

मी स्वतः सिस्टरला फोन लावला. तिने दम लागतो का, सूज किती, सगळं विचारलं आणि म्हणाली, उद्या सकाळी पहिल्या पाळीला या, मध्ये दम लागला तर लगेच या, थांबू नका. मी हो म्हटलं. मुलगा तिथेच उभा होता. पूर्वीचा असता तर त्याने मला उचलून खाली नेलं असतं. ह्या वेळी टॅक्सीवाल्याला फोन करून जायला सांगितलं, बूट काढले, आत गेला.

आतून बोलण्याचा आवाज आला. हळू, फोनवर. ऑफिसात सुट्टी सांगत असेल. सिस्टरलाच परत लावून माझ्या नावाने भलतंच काही सांगत असेल. दोन्ही होऊ शकतं. मी उठून दारापर्यंत गेले, भिंतीला धरून उभी राहिले आणि माझ्याच मुलाचं बोलणं चोरून ऐकू लागले.